'आत्ता नको' पत्रक: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात प्रबंध लिहिणारे विद्यार्थी येतात तेव्हा बहुतेकांचं म्हणणं एकच असतं: "काम करायचंय, येतंही, पण हात लागत नाही." त्यांना द्यायला केंद्राकडे वर्षानुवर्षं एकच कागद आहे. त्यावर चार रकाने: काम, लागणारा वेळ, मुदत, झालं की नाही. विद्यार्थी तो मनापासून भरतात. पुढच्या भेटीत शेवटच्या रकान्यात ओळीने 'नाही' लिहिलेलं असतं आणि समोरचा मुलगा किंवा मुलगी मान खाली घालून बसलेली असते.

हा कागद बदलायचं काम आजपासून हाती घेतलं. एकाच पानाचं नवं पत्रक करायचं. काम टाळलं जातं त्याच वेळी ते भरता यावं, आणि भरून झाल्यावर कामाकडे परत जायची वाट दिसावी, एवढ्या दोन अटी. नाव सध्या 'आत्ता नको' पत्रक, कारण टाळताना मनात येणारं वाक्य बहुधा हेच असतं. वाचन आणि मांडणी माझ्याकडे. सहकारी भेटी घेणार आणि प्रत्येक खर्डा विद्यार्थ्यांबरोबर वापरून बघणार.

६ जानेवारी

व्याख्या आधी पक्की करून घेतली, नाहीतर पत्रकात काय धरायचं आणि काय सोडायचं हे ठरणार नाही. कॅल्गरी विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पिअर्स स्टील यांनी २००७ मध्ये चालढकलीवरच्या तोवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला, त्यात ६९१ सहसंबंध (दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात याचे आकडे) एकत्र तपासले होते. त्यांची व्याख्या आमच्या कामाला पुरेशी आहे: उशीर केला तर आपलंच नुकसान होणार हे कळत असताना, करायचं ठरवलेलं काम आपणहून पुढे ढकलणं.

यातला प्रत्येक भाग महत्त्वाचा. काम करायचं ठरलेलं असतं, पुढे ढकलायला कुणी भाग पाडलेलं नसतं आणि नुकसानाची जाणीवही असते. त्यामुळे माहिती हाती यायची म्हणून थांबलेला माणूस यात येत नाही. आजारी असलेला किंवा दुसरं तातडीचं काम उरकणारा येत नाही. आळशी माणूसही येत नाही, कारण त्याला ते काम करायचंच नसतं आणि न केल्याची बोच नसते. केंद्रात येणाऱ्यांना ती बोच रात्रंदिवस असते. त्यांना कुणी 'आळशी' म्हटलं की मला वाईट वाटतं. दिवसभर टेबलाशी बसून, काम न करता, कामाच्याच विचाराने दमून गेलेली मुलं आहेत ती.

९ जानेवारी

जुन्या कागदातला 'लागणारा वेळ' हा रकाना काढायचा की ठेवायचा, यावर दिवसभर वाचन. माझं मत आता ठाम झालंय: पत्रकाच्या सुरुवातीला वेळेबद्दल काहीही विचारायचं नाही.

याचं मुख्य कारण फुशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल यांची २०१३ मधली मांडणी. त्यांच्या मते चालढकल म्हणजे आत्ताची मनःस्थिती सावरायचा प्रयत्न. काम समोर आलं की काहीतरी नकोसं वाटतं: भीती, कंटाळा, गोंधळ, अपमान, काहीही. काम बाजूला सारलं की ते वाटणं त्याच क्षणी कमी होतं. ही सुटका खरी असते, म्हणून तर ती सवय होते. तिची किंमत उद्याच्या आपल्याला मोजायची असते, आणि आज तो 'उद्याचा मी' कुणी परका असल्यासारखा वाटतो.

डायन टाइस, एलेन ब्रात्स्लाव्स्की आणि रॉय बाउमाइस्टर यांचा २००१ मधला एक प्रयोग याला चांगला आधार देतो. लोकांना आधी उदास केलं. मग सांगितलं की थोड्या वेळाने गणिताची एक चाचणी आहे, सराव केला तर फायदा होईल, आणि सरावासाठी वेळ दिला. खोलीत मन रमवायच्या वस्तू ठेवल्या होत्या. काहींसाठी त्या गमतीच्या होत्या, काहींसाठी रटाळ. यातल्या निम्म्यांना असं पटवून दिलं होतं की त्यांची मनःस्थिती काही काळ आहे तशीच गोठून राहणार, काही केलं तरी बदलणार नाही. सरावाचा वेळ सर्वात जास्त कुणी घालवला? जे उदास होते, ज्यांना मन बदलता येईल असं वाटत होतं आणि ज्यांच्यासमोर गमतीच्या वस्तू होत्या, त्यांनी. टाळून बरं वाटणारच नाही अशी ज्यांची खात्री झाली होती, ते उदास असूनही सरावाला बसले.

वेळ सगळ्यांकडे सारखाच होता, वेळापत्रक सगळ्यांना माहीत होतं. फरक एवढाच की टाळल्याने बरं वाटेल अशी आशा कुणाला होती आणि कुणाला नव्हती. विद्यार्थ्याला वेळापत्रक आखून देणं म्हणजे जे त्याच्याकडे आधीच आहे तेच पुन्हा देणं.

१४ जानेवारी

पहिला खर्डा तयार. रकाने तीनच: 'कोणत्या क्षणी थांबलो', 'काय वाटलं', 'त्याऐवजी काय केलं'.

तिसरा रकाना पिचिल आणि सहकाऱ्यांच्या २००० मधल्या एका अभ्यासावरून सुचला. परीक्षा किंवा मुदत जवळ आलेल्या विद्यार्थ्यांना पेजर देऊन, दिवसातून अनेकदा, त्या क्षणी काय करताय आणि काय करायला हवं होतं हे विचारलं गेलं. चालढकल करताना ते ज्या कामात गुंतलेले असत ती कामं टाळलेल्या कामापेक्षा सुखाची, सोपी, कमी ताणाची असत, आणि कमी महत्त्वाचीही. नंतर आठवून लिहिलेल्या नोंदीपेक्षा त्या क्षणीची नोंद किती बोलते हे यातून दिसतं. आठवताना आपण 'टाइमपास केला' एवढंच लिहितो.

२१ जानेवारी

सहकारीने पहिली भरलेली पत्रकं आणली. 'काय वाटलं' या रकान्यात जवळजवळ सगळीकडे एकच शब्द: कंटाळा. हे अपेक्षित होतं. नकोशा भावनेला हाताशी असलेलं सर्वात सोयीचं नाव तेच. म्हणून दुसऱ्या खर्ड्यात त्या रकान्याखाली बारीक अक्षरात काही पर्याय दिले: भीती, लाज, राग, गोंधळ, थकवा, कंटाळा, 'हे माझ्याच्याने होणार नाही', 'हे मला दुसऱ्याने लादलंय'. शिवाय शरीराचं एक चिन्ह लिहायला सांगितलं, कारण शरीर बहुधा आधी सांगतं.

एका मुलीचं पत्रक इथे तिच्या परवानगीने, ओळख पुसून, उतरवून ठेवते.

काम: चर्चेचं प्रकरण. कोणत्या क्षणी थांबले: फाइल उघडली, मार्गदर्शकांचे शेरे दिसले, त्यातला पहिलाच शेरा 'हे इथे कशासाठी?' असा होता. शरीर: छातीत धस्स झालं, मान आखडली. काय वाटलं: लाज. त्याऐवजी काय केलं: संदर्भसूचीतले स्वल्पविराम दुरुस्त केले. खाली कंसात, न विचारता: 'पावणेदोन तास'.

हे वाचून मी बराच वेळ थांबले. स्वल्पविराम दुरुस्त करणं हेही प्रबंधाचंच काम, त्यामुळे बाहेरून कुणालाच चालढकल दिसली नसती, तिला स्वतःलाही कदाचित नसती दिसली. जुन्या कागदावर ही ओळ 'चर्चेचं प्रकरण: नाही' अशी आली असती. तिला प्रकरण लिहिण्याची भीती नाही, एका शेऱ्याची आहे. त्या शेऱ्याचं उत्तर कदाचित तीन वाक्यांत देता येईल.

२८ जानेवारी

दुपारच्या बैठकीत सहकारीने शंका काढली: काही मुलं म्हणतात, आम्ही दबावाखालीच चांगलं काम करतो, मग त्यांना का अडवायचं? शंका रास्त आहे, उत्तरही आहे. टाइस आणि बाउमाइस्टर यांनी १९९७ मध्ये विद्यार्थ्यांचा सत्रभर मागोवा घेतला. सत्राच्या सुरुवातीला चालढकल करणारे खरोखर निवांत होते, ताण कमी, तब्येतीच्या तक्रारी कमी. सत्र संपत आलं तसं चित्र उलटलं. ताण आणि आजार दोन्ही इतरांपेक्षा जास्त, आणि सगळा हिशेब मांडला तर एकूण त्रासही जास्तच. गुणही कमी. त्यांना जे वाटतं ते पहिल्या काही आठवड्यांपुरतं खरं असतं, म्हणून वाद घालायचा नाही. त्यांना सत्राच्या दोन्ही टोकांना पत्रक भरायला द्यायचं आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचायला लावायचं.

३ फेब्रुवारी

आता पत्रकाचा खालचा अर्धा भाग, म्हणजे परतीची वाट.

स्टील आणि कॉर्नेलियस कोनिग यांनी २००६ मध्ये एक सूत्र मांडलं होतं. एखाद्या कामाची ओढ किती, हे चार गोष्टींवर ठरतं: ते जमेल असा विश्वास आणि त्याचं आपल्यालेखी मोल, हे दोन्ही ओढ वाढवतात, फळ मिळायला लागणारा विलंब आणि आपली उतावीळ वृत्ती, हे दोन्ही ती कमी करतात. प्रबंधाला हे सूत्र लावून पाहिलं की अंगावर काटा येतो. फळ वर्षांनी मिळणार. विश्वास दर शेऱ्यागणिक डळमळतो. मोल सुरुवातीला खूप असतं, तिसऱ्या वर्षी विषयाचा वीट आलेला असतो. आणि खिशात फोन. इतकी प्रतिकूल रचना दुसऱ्या कुठल्या कामाची क्वचितच असेल, तरी आपण विद्यार्थ्यालाच विचारतो की तुझं काय बिनसलंय.

सूत्र पत्रकावर छापायचं नाही असं ठरलं. त्याऐवजी त्यातून चार साधे प्रश्न काढले आणि माणसाने त्यातल्या एकालाच उत्तर द्यायचं: मला हे जमेल का वाटत नाही? यात माझं काय आहे? याचं फळ आजच्या आज थोडं तरी दिसेल असं काय करता येईल? मला आत्ता कोण खेचतंय?

परिपूर्णतेच्या हट्टाबद्दलही वाचलं, कारण 'मी परफेक्शनिस्ट आहे म्हणून उशीर होतो' हे वाक्य दर आठवड्याला ऐकू येतं. स्टील यांच्या आढाव्यात परिपूर्णतेच्या हट्टाचा आणि चालढकलीचा एकूण संबंध फारसा सापडला नव्हता. सिरॉइस आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या, तेव्हा उलगडा झाला. उच्च दर्जा गाठायची धडपड असणारे उलट कमी चालढकल करतात. चूक झाली तर लोक काय म्हणतील, ही धास्ती असणारे जास्त करतात. म्हणजे विद्यार्थ्याला 'दर्जा कमी कर' हा सल्ला द्यायची गरज नाही. धास्ती कुणाची, हे विचारायला हवं.

१० फेब्रुवारी

आज मी स्वतः भेटीत बसले. परतीच्या वाटेतला पहिला रकाना 'पुढचं पाऊल'. समोरच्या मुलाने लिहिलं होतं: प्रकरण तीन लिहिणे.

"मॅडम, यात काय कमी आहे?"

"कमी काही नाही. पण हे करायला बसलास की तुझा हात नेमका कशावर जाणार?"

"लॅपटॉपवर. फाइल उघडणार."

"मग?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "तक्ता चार बघणार. त्याखाली एक वाक्य हवंय, आकडे वाढले की घटले ते सांगणारं."

"तेवढंच लिही."

त्याने प्रकरण तीन खोडलं आणि 'तक्ता ४ खाली एक वाक्य' असं लिहिलं. लिहिताना त्याचे खांदे सैल झालेले मला दिसले. 'प्रकरण तीन' हे काम अंगावर येणारं आहे कारण ते करता येण्याजोगं कृत्यच नाही. शेकडो छोट्या कृत्यांचं ते एक नाव आहे. हाताने करता येईल, डोळ्यांनी झालेलं दिसेल, इतकं पाऊल लहान झालं की नकोशा भावनेला धरून ठेवायला जागा कमी उरते.

पत्रकावर आता सूचना अशी छापणार: 'पाऊल इतकं लहान करा की ते लिहायलाच जास्त वेळ लागला असं वाटेल.' ही सूचना पाहून काही मुलं खट्टू होतील, अपमान वाटेल, हेही मला दिसतंय. सहकारीने भेटीत त्यावर बोलायचं.

१२ फेब्रुवारी

पावलाला वेळ आणि जागा जोडायची. यासाठी पीटर गोल्विट्झर यांचं काम आहे आणि चालढकलीच्या क्षेत्रात इतकं स्वस्त, इतकं भरवशाचं साधन दुसरं माझ्या पाहण्यात नाही. नुसतं 'मी हे करीन' म्हणण्याऐवजी 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं आधीच जोडून ठेवायचं. १९९७ मध्ये गोल्विट्झर आणि वेरोनिका ब्रँडश्टेटर यांनी विद्यार्थ्यांना नाताळच्या आदल्या दिवसावर एक टिपण लिहून ४८ तासांत पाठवायला सांगितलं. कुठे आणि केव्हा लिहिणार हे ज्यांनी आधी ठरवलं, त्यांच्यापैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी ते वेळेत लिहिलं. ज्यांनी ठरवलं नाही, त्यांच्यात हेच प्रमाण सुमारे ३२ टक्के होतं. पुढे २००६ मध्ये गोल्विट्झर आणि पास्कल शिरन यांनी अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या आणि परिणाम मध्यम ते मोठा असल्याचं दाखवलं.

'अमुक' काय असावं, यावर आमची बरीच चर्चा झाली. घड्याळाची वेळ मला फारशी पसंत नाही. नऊ वाजून गेले की 'आता दहाला बसू' म्हणता येतं. घटना बरी: ग्रंथालयात खुर्चीवर बसले की, मीटिंग संपून दार लावलं की. घटना घडली की घडली, ती पुढे सरकत नाही.

आणखी एक उपयोग आहे. अडथळ्यालाही 'जर' लावता येतं: 'शेरा वाचून धस्स झालं, तर त्या शेऱ्याखाली फक्त "मला म्हणायचंय की" एवढे शब्द टाइप करीन.' स्वल्पविरामवाल्या मुलीसाठी हेच ठरवलंय.

१७ फेब्रुवारी

वेळेचा रकाना शेवटी ठेवला, पण वेगळ्या रूपात: 'याआधी असं काम केलं तेव्हा किती वेळ लागला होता?' अंदाज विचारायचा नाही. रॉजर ब्युलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांच्या १९९४ मधल्या अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी ३३.९ दिवसांचा अंदाज दिला, प्रत्यक्षात लागले ५५.५ दिवस. 'सगळं बिनसलं तर किती लागतील?' या प्रश्नालाही त्यांनी ४८.६ दिवस सांगितले होते. वाईटातल्या वाईटाचा अंदाजही कमीच पडला. जुन्या कागदातला दुसरा रकाना म्हणजे मुलांना अपयशाची तारीख स्वतःच्या हाताने लिहायला लावणं होतं.

२० फेब्रुवारी

मुदती. इथे सहकारी आणि मी अजून एकमताला आलेलो नाही, म्हणून दोघींची बाजू लिहून ठेवते.

तिचं म्हणणं: विद्यार्थ्यांना मधल्या मुदती ठरवून द्याव्यात. डॅन एरिएली आणि क्लॉस वर्टेनब्रॉक यांच्या २००२ मधल्या अभ्यासाचा तिला आधार आहे. त्यात व्यवस्थापनाच्या वर्गात तीन निबंध लिहायचे होते. एका वर्गाला समान अंतराच्या मुदती बांधून दिल्या, दुसऱ्याला स्वतः मुदती ठरवायची मोकळीक दिली. मोकळीक असलेल्यांपैकी बहुतेकांनी स्वतःवर सत्र संपण्याआधीच्या मुदती घालून घेतल्या, म्हणजे लोकांना आपली दुबळी बाजू माहीत असते. तरी गुण जास्त मिळाले ते बांधून दिलेल्या मुदतींच्या वर्गाला.

माझं म्हणणं: यावर भिस्त ठेवण्याइतका पुरावा एकसारखा नाही. अल्बर्तो बिसिन आणि काइल हाइंडमन यांनी २०२० मध्ये विद्यार्थ्यांवरच केलेला प्रयोग छापला, त्यात स्वतःच्या मुदती घालून घ्यायची मागणी भरपूर दिसली, पण त्यामुळे काम पूर्ण होण्याचं प्रमाण वाढल्याचं दिसलं नाही. आणि भेटींमध्ये मी जे बघते त्यात मुदत चुकली की मार्गदर्शकाला तोंड दाखवायची लाज वाढते, मग भेट टळते, मग पुढची मुदतही जाते. मुदतीच्या दिवशी जे झालं असेल ते, अर्धं वाक्य असलं तरी, कुणाला तरी दाखवायचं ठरलेलं असेल तर मुदतीचा उपयोग होतो, एवढं मी मान्य करते. तात्पुरता तोडगा: पत्रकावर 'मुदत' हा शब्द नाही, 'कुणाला दाखवणार, कोणत्या वारी' असा रकाना आहे.

२६ फेब्रुवारी

'झालं की नाही' हा शेवटचा रकाना काढून टाकायचा निर्णय झाला. मला या सगळ्या प्रकल्पातला हा सर्वात महत्त्वाचा बदल वाटतो.

कार्लटन विद्यापीठात मायकेल वोल, टिमोथी पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी २०१० मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना दोन परीक्षांच्या काळात तपासलं. पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. मधला दुवा भावनेचाच होता: माफ केल्याने त्या परीक्षेभोवती साचलेली कटुता कमी झाली, म्हणून तिच्यापासून पळायची गरज कमी झाली.

घरीदारी, वर्गात, सगळीकडे आपण याच्या नेमकं उलट शिकवतो. स्वतःला चांगलं फैलावर घेतलं की उद्या सुधारणा होईल असा समज आहे. पण टाळलेल्या कामाला कालचा अपराधभाव चिकटला की ते काम कालपेक्षा जास्त नकोसं होतं, आणि आज टाळायला कारण कालपेक्षा मोठं मिळतं. कित्येक मुलं वर्षभर याच फेऱ्यात असतात. त्यांचं मूळ काम तसंच्या तसं असतं, त्यावर चढलेली लाजच तेवढी दर आठवड्याला वाढत जाते.

एका पालकाने सहकारीला विचारलं, "माफ केलं तर सोकावणार नाही का?" ही काळजी समजण्यासारखी आहे. माफ करणं म्हणजे झालं ते झालंच नाही असं म्हणणं नव्हे. उशीर झाला, तो मी केला, त्याचं नुकसान हे, एवढं मान्य केल्याशिवाय माफ करायला काही उरतच नाही. म्हणून शेवटच्या रकान्याच्या जागी आता दोन ओळी आहेत: 'काल काय राहिलं, माझ्या शब्दांत' आणि 'हेच एखाद्या मित्राचं राहिलं असतं तर मी त्याला काय म्हटलं असतं'. दुसरी ओळ भरताना मुलं सर्वात जास्त वेळ घेतात, असं सहकारी सांगते. एकाने लिहिलं होतं, 'म्हटलं असतं, चल, मी शेजारी बसतो.' त्याला आता आठवड्यातून एकदा शेजारी बसणारा एक सोबती मिळवून दिलाय.

४ मार्च

फोनचा मुद्दा थोडक्यात. पत्रकात फोनबद्दल उपदेश नको. डॅनियल गुस्ताव्हसन आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधल्या जुळ्यांच्या अभ्यासात चालढकलीच्या प्रवृत्तीतल्या फरकांपैकी सुमारे ४६ टक्के वाटा आनुवंशिक निघाला, आणि उतावीळपणाशी तिचा आनुवंशिक संबंध जवळजवळ पूर्ण. काही मुलांना खेचलं जाणं जन्मतःच जास्त आहे. त्यांना निर्धाराच्या गोष्टी सांगण्यापेक्षा फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं, पासवर्ड सोबत्याकडे देणं, असे बाहेरचे उपाय आधी करावेत. 'मला आत्ता कोण खेचतंय?' या प्रश्नाखाली तेवढी एक ओळ घातली.

९ मार्च

पत्रक कुणासाठी नाही, हे मागच्या बाजूला स्पष्ट छापायचं. एकाग्रतेचा आजार लहानपणापासून असेल, नैराश्य असेल, झोपच लागत नसेल, तर 'आत्ता नको' हे मूळ दुखणं नसून लक्षण असतं आणि तिथे डॉक्टर हवेत. स्वीडनमधल्या ३५२५ विद्यापीठीय विद्यार्थ्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. जास्त चालढकल करणाऱ्यांमध्ये नऊ महिन्यांनंतर नैराश्य, चिंता, ताण, निकृष्ट झोप यांची लक्षणं थोडी जास्त आढळली. संबंध मोठे नाहीत, पण दुर्लक्ष करण्यासारखेही नाहीत. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे एका पत्रकावरून ठरवायचं नाही. सलग दोन आठवडे 'शरीर' या रकान्यात झोप, भूक किंवा जगण्याचा वीट याबद्दल काही आलं, तर सहकारी त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणार.

ज्यांना याहून जास्त मदत लागेल त्यांच्यासाठीही वाट आहे. अलेक्झांडर रोझेंटल, पेर कार्लब्रिंग आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये गंभीर चालढकल असलेल्या १५० जणांवर इंटरनेटवरून दिलेल्या बोधात्मक वर्तनोपचाराची (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराची) चाचणी छापली, आणि प्रतीक्षायादीतल्या लोकांपेक्षा उपचार मिळालेल्यांची चालढकल कमी झाली. म्हणजे हा स्वभाव आहे, याला इलाज नाही, असं कुणाला सांगू नये.

१३ मार्च

भरलेली सगळी पत्रकं एकत्र लावून 'कोणत्या क्षणी थांबलो' हा एकच रकाना वाचत गेले. एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: 'सरांनी नुसतं "अजून खोलात जा" लिहिलंय', 'पुढे काय अपेक्षित आहे कळलं नाही', 'दोन महिन्यांपूर्वी पाठवलेल्या प्रकरणावर उत्तर नाही, त्यामुळे पुढचं लिहवेना'. काम नकोसं वाटायचं कारण बऱ्याचदा ते काम ज्या तऱ्हेने दिलंय त्यात आहे. मोघम शेरा वाचून गोंधळ होणं हा विद्यार्थ्याचा दोष मानून आपण त्याच्या मनावर उपचार करत बसलो, तर तो अन्याय आहे. सगळं ओझं मुलांच्या डोक्यावर ठेवणारं साधन मला बनवायचं नाही.

म्हणून मार्गदर्शकांसाठी अर्ध्या पानाचं वेगळं पत्रक. त्यात फक्त तीन विनंत्या: प्रत्येक शेऱ्यात काय बदलावं याचं एक क्रियापद असू द्या. उत्तर कोणत्या वारी देणार ते आधी सांगा आणि तेवढं पाळा. अर्धवट मजकूर बघायला मागा, तो अर्धवट आहे म्हणून नाराज होऊ नका.

१८ मार्च

विद्यार्थ्यांच्या पत्रकाचा चौथा खर्डा छपाईला गेला. वरचा अर्धा भाग: क्षण, शरीर, काय वाटलं, त्याऐवजी काय केलं. खालचा: चारांपैकी एक प्रश्न, पुढचं पाऊल, 'अमुक झालं की', याआधी किती वेळ लागला होता, कुणाला दाखवणार, काल काय राहिलं, मित्राला काय म्हटलं असतं. मागे: पत्रक कुणासाठी नाही, आणि केंद्राच्या वेळा.

मार्गदर्शकांच्या अर्ध्या पानावर विभागप्रमुखांचा एक आक्षेप आला: 'क्रियापद असू द्या' ही विनंती वरिष्ठ प्राध्यापकांना शिकवल्यासारखी वाटेल. सहकारीने सुचवलं की विनंतीऐवजी एक खरा शेरा आणि त्याचं सुधारलेलं रूप शेजारी छापावं. ते मला पटलं. 'हे इथे कशासाठी?' याच्या शेजारी आता 'हा परिच्छेद मागच्या प्रकरणातल्या निष्कर्षाशी जोडा किंवा काढा' असं येणार. त्या मुलीला विचारून घेतलं, तिने होकार दिलाय. चर्चेच्या प्रकरणाचा पहिला भाग तिने गुरुवारी दाखवला. त्या शेऱ्याला दिलेलं उत्तर साडेतीन वाक्यांचं होतं.

पुढचं काम: अर्ध्या पानाची दुरुस्त प्रत सोमवारी विभागप्रमुखांच्या टेबलावर.